बरगीला काय काम होतं?

फोन वाजला तेव्हा सुहासिनीच्या तोंडात अर्धा शिंगाडा होता. समोर बरगीच्या धरणाचं पाणी नोव्हेंबरच्या उन्हात निवांत पसरलं होतं, मांडीवर कागदाच्या पुड्यात उकडलेले शिंगाडे होते आणि सालींनी बोटं काळी झाली होती. पुण्याहून श्रीरंग. दुपारी अडीचला तो कधी फोन करत नसे, म्हणून तिने तो शिंगाडा न चावताच गिळला, पदराला बोटं पुसली आणि फोन कानाला लावला. हॅलो नाही, कशी आहेस नाही. "आई, तू बरगीला काय करून राहिली?" तिने आधी मागे वळून पाहिलं. बासष्ट वर्षांची बाई, तीस वर्षं डिफेन्सच्या फॅक्टरीत बारूद हाताळलेली, आणि पोराचा आवाज ऐकून मागे वळून पाहते, की हा कुठल्या झाडाआड उभा आहे की काय! मागे कोणी नव्हतं. शिंगाडे विकणारी अंजनी होती, तिची टोपली होती, आणि पलीकडे दोन होड्या उलट्या घालून ठेवल्या होत्या.

"तुला कोणी सांगितलं?" तिने विचारलं.

"सांगायला काहून पाहिजे? दिसून राहिलं ना मोबाइलवर. एक तास झाला, तू तिथंच आहे. हेमलताकाकूंना सांगून गेली की बँकेत चालली, बारापर्यंत येते. बरगीला काय काम होतं?"

काम. सुहासिनीने प्रामाणिकपणे काम शोधलं. महिला मंडळाच्या बायकांबरोबर आले म्हणावं, तर त्या सगळ्यांचे नंबर श्रीरंगच्या मोबाइलात होते. नर्मदेला नारळ वाहायचा होता म्हणावं, तर त्यासाठी जबलपुरातला ग्वारीघाट सोडून पस्तीस-चाळीस किलोमीटर कोण येतं? एखादी मैत्रीण आजारी पाडावी, तर तिचा नंबर मागितला जाईल. एका क्षणात तीन खोट्या गोष्टी तिच्या जिभेवर आल्या आणि तीनही इतक्या सराईतपणे आल्या की तिची तिलाच शरम वाटली. "काम नव्हतं," ती म्हणाली. "मग?" श्रीरंग म्हणाला. त्या 'मग'मध्ये राग नव्हता, काळजी होती, खरीखुरी, लेकाची काळजी. राग असता तर तिला उत्तर देता आलं असतं. तिने फोन कानावरून काढला, त्याच्याकडे पाहिलं आणि लाल बटण दाबलं. मुलाचा फोन तिने आयुष्यात पहिल्यांदाच मध्येच तोडला होता.

"घर से था?" अंजनीने विचारलं. सुहासिनी हो म्हणाली. अंजनीने पुढे काहीच विचारलं नाही. मघाशी सुहासिनी येऊन दगडावर बसली तेव्हाही तिने एवढंच विचारलं होतं, "किसके साथ आई हो?" आणि "किसी के साथ नहीं" म्हटल्यावर, "अच्छा. सिंघाड़ा लोगी? गरम हैं." बस्स. किती सोपं होतं ते!

सकाळी घरून निघताना बरगी तिच्या मनातही नव्हतं. पेन्शनवाल्यांना दर नोव्हेंबरात आपण जिवंत आहोत असा दाखला द्यावा लागतो, तो द्यायला ती महाराजपुरहून सिविल लाइंसच्या बँकेत गेली होती. यंत्राने तिचा अंगठा तीनदा नाकारला. "अम्मा जी, अंगूठा घिस गया है आपका," खिडकीतली बाई म्हणाली आणि तिने दुसरं यंत्र डोळ्यांपुढे धरलं. डोळे मात्र तिचेच निघाले. अशी सुहासिनी टेंभेकर पुढच्या नोव्हेंबरपर्यंत सरकारदरबारी जिवंत ठरली आणि साडेअकराला बाहेर आली. ऊन अंगावर घ्यावंसं वाटेल असं होतं. घराकडे जाणारा अधारतालचा ऑटो समोर उभा होता, घरी कुकरमध्ये डाळ-तांदूळ धुऊन ठेवले होते. आणि तिला एकाएकी वाटलं, आपण आत्ता घरी गेलो काय नि न गेलो काय, जगात कुणाचंही काही अडत नाही. या विचाराने एखादीला रडू फुटलं असतं. हिला हसू आलं. नवरा जाऊन तीन वर्षं झाली होती, नोकरी सुटून दोन, आणि ही एवढी मोठी गोष्ट आपल्या लक्षातच आली नव्हती! ती बस स्टँडवर गेली आणि सुटायच्या बेतात असलेल्या बसमध्ये चढली. "कहाँ का काटूँ, अम्मा?" कंडक्टरने विचारलं. तिने पाटी वाचलीच नव्हती. "जहाँ तक जाती है," ती म्हणाली. कंडक्टरने तिच्याकडे जरा निरखून पाहिलं आणि बरगीचं तिकीट फाडलं.

आता ते सगळं नासलं होतं. पाणी तेच, ऊन तेच, पण तिला आता आपण बसलेलो दिसत होतो. पाठीला बाक काढून, दगडावर, शिंगाडे खात. जणू पुण्याहून कुणी तिच्याकडे पाहत होतं आणि त्याच्याबरोबर तीही पाहत होती. ती सावरून बसली, पदर नीट केला. मग पदर नीट केल्याचा तिला असा संताप आला की उरलेले शिंगाडे तिने पिशवीत कोंबले आणि उठली. "फिर आना," अंजनी म्हणाली.

परतीच्या बसमध्ये खिडकीजवळची जागा मिळाली. फोन पुन्हा पुन्हा वाजत होता. तिने तो उचलला नाही आणि बंदही केला नाही. बंद करणं सोपं होतं. पण बंद करणं म्हणजे लपणं, आणि लपायचं कशाला? चोरी केली होती की काय? शेजारची बाई वैतागून म्हणाली, "उठा लो ना बहनजी, कोई परेशान है." तो परेशान आहे हे सुहासिनीला ठाऊकच होतं. मुलगा वाईट नव्हता, हीच तर पंचाईत होती. गेल्या वर्षी दिवाळीत आला तेव्हा त्यानेच तिच्या मोबाइलात ती सोय करून दिली होती. 'टेंभेकर परिवार' असं नाव, एक नकाशा, आणि नकाशावर चौघांच्या फोटोंचे चार गोल: श्रीरंग, त्याची बायको अवंतिका, नात प्रणोती आणि आई. कोण कुठे आहे ते ज्याला त्याला दिसणार. कारण शैलेंद्र. तिचा नवरा सकाळी फिरायला गेला आणि रस्त्यावर कोसळला. कुणा भल्या माणसाने इस्पितळात नेलं, खिशात नाव-गाव काही नाही, आणि चार तास तो तिथे बेवारस पडून होता. सुहासिनी त्या वेळी त्याच्यासाठी पोहे परतून, झाकून, चिडून बसली होती. श्रीरंगला ते चार तास विसरता येत नव्हते. तिला तरी कुठे येत होते? म्हणून त्याने मोबाइल मागितला तेव्हा तिने निमूट दिला.

आणि निमूट दिला एवढंच असतं तरी एक वेळ चाललं असतं. खरं सांगायचं तर तिला त्या नकाशाची गोडी लागली. जेवणानंतर लोक बडीशेप खातात, ती नकाशा बघायची. श्रीरंगचा गोल नऊला ऑफिसात, सातला घरी, घड्याळ लावून घ्यावं असा. प्रणोतीचा क्लासला. अवंतिकाचा तेवढा थोडा इकडेतिकडे व्हायचा, भाजीला, बँकेत, चष्म्याच्या दुकानात. हजार किलोमीटरवरून सुहासिनी ती गोलांची ये-जा बघायची आणि तिला वाटायचं, आपलं घर भरलेलं आहे. फेब्रुवारीत एका गुरुवारी दुपारी अवंतिकाचा गोल पाषाणच्या तलावापाशी थांबला. दहा मिनिटं, वीस मिनिटं, चाळीस. ऑफिस तिथे नव्हतं, माहेर तिथे नव्हतं. त्याच्या आदल्या गुरुवारीही असंच झालं होतं, हेही सुहासिनीला आठवलं. संध्याकाळी श्रीरंगचा फोन आला. फोन स्पीकरवर होता, सगळे जेवायला बसले होते, आणि तिने अगदी सहज, अगदी गोड आवाजात विचारलं, "काय गं अवंतिका, दुपारची तळ्यावर काहून गेली होती?"

बस रेल्वेच्या एका फाटकापाशी थांबली होती. सुहासिनीने डोळे मिटून घेतले, पण ते ऐकू यायचं थांबेना. ताटात चमचा वाजल्याचा आवाज. मग अवंतिकाचा, हळू: "काही नाही आई, जरा बसले होते." मग श्रीरंग: "कुठे? कधी?" आणि मग त्या घरात बोलणं एकदम बंद. त्यानंतर तिचा गोल कधी तळ्याकडे गेला नाही. ऑफिसातून घरी, घरून ऑफिसात. सासूशी बोलणंही त्यानंतर 'हो आई', 'बरं आई' एवढ्यावर आलं. सुहासिनीला ते जाणवलं होतं आणि तिने त्याचं खापर पुण्याच्या आखडूपणावर फोडून स्वतःला मोकळं केलं होतं. आठवड्यातली चाळीस मिनिटं होती त्या पोरीची. संसार, नोकरी, पोरीची शाळा, सगळं आटपून कुठून तरी वाचवलेली. आणि आपण एका प्रश्नात ती खलास केली! नुसती जाऊन बसत होती ती. आज आपण बसलो तशी. मघाशी श्रीरंगने 'मग?' विचारल्यावर आपल्याला जे सांगता आलं नाही ते हेच, की नुसतीच बसले होते. सुहासिनीला आपली लाज वाटली, अंगभर, उन्हाचा चटका बसावा तशी.

तिला तरी हे कळायला हवं होतं. दुसऱ्या कुणाला नाही तरी तिला. फॅक्टरीच्या गेटातून आत जाताना तीस वर्षं तिने अंगावरचं सगळं उतरवलं होतं. बारूदीच्या सेक्शनमध्ये धातू चालत नसे, ठिणगीची भीती. बांगड्या, जोडवी, केसांतले आकडे, आणि हो, मंगळसूत्रही. लग्नानंतर नोकरीच्या पहिल्याच दिवशी तिने ते काढून पत्र्याच्या डबीत ठेवलं. सासूबाईंना कळलं तेव्हा घरात सुतक पडल्यासारखं झालं. त्यांनी उपाय काढला, हळदीत भिजवलेला सुती दोरा. तो गळ्यात बांधून पाठवायच्या. सुहासिनी तो दोराही डबीत काढून ठेवायची आणि निघताना पुन्हा बांधायची. नियमात दोरा चालत होता. पण तिला तो नको होता, त्या आठ तासांत तिला गळ्यात काहीच नको होतं. पुढे मोबाइल आले, तेही गेटावर जमा व्हायला लागले. बाकीच्या बाया कुरकुरायच्या, जेल है जेल. सुहासिनी वरवर त्यांच्यात सूर मिसळायची आणि मनातल्या मनात आत शिरायची वाट पाहायची. सुती कपडे, कापडी बूट, ओकाबोका गळा, आणि आठ तास घरातल्या कुणालाही तिच्यापर्यंत पोचता येत नसे. लोकांना वाटे, देशासाठी बिचारी जीव मुठीत धरून काम करते. ती तर मजेत असायची!

श्रीरंग आठ वर्षांचा होता तेव्हा शाळेत तापाने फणफणला. निरोप गेटापर्यंत आला आणि तिथेच राहिला. तिला कळलं पाच वाजता. सासूबाई ते मरेपर्यंत विसरल्या नाहीत. पोर तापाने बरळत होतं आणि आई कुठे होती? आई त्या दुपारी कँटीनमध्ये कुणाच्या तरी नकलेला ठसका लागेपर्यंत हसत होती. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. वर्षानुवर्षं ते हसणं तिला गुन्ह्यासारखं टोचलं होतं. आज बसमध्ये पहिल्यांदा तिच्या मनात आलं, की त्या हसण्याने पोराचा ताप अर्ध्या डिग्रीनेही वाढला नव्हता. ताप उतरला, पोर मोठं झालं, पुण्यात इंजिनियर झालं. आणि ती हसली होती, ते बरंच झालं होतं.

संध्याकाळी गेटावर झडती व्हायची. राधाबाई नावाची बाई अंगावरून हात फिरवायची, काखेत, कमरेत, केसांत. किळस यायची सुरुवातीला. पण राधाबाईला काय शोधायचं आहे ते भिंतीवर पाटीत लिहिलेलं होतं. पितळ, बारूद, कागद. ते नसलं की "जाओ दीदी." डोक्यात काय आहे, मनात कोण आहे, आज चेहरा असा का, हे तिने एकदाही विचारलं नाही. घरच्या झडतीला अशी पाटीच नसते. माहेरी, सासरी, मंडळात, आणि आता या मोबाइलात, काय सापडलं म्हणजे गुन्हा ते कुणी आधी सांगत नाही, म्हणून सगळंच लपवावं लागतं. शिंगाडेसुद्धा. शैलेंद्र गेला तेव्हा तेराव्याच्या आत बायका जमल्या, मंगळसूत्र काढायला. कुणीतरी मागून हात घातला. "थांबा," ती म्हणाली होती, "माझं मी काढते. मला सवय आहे." एवढंच, सरळ, जे खरं होतं ते. नवऱ्यावर तिचा जीव होता, त्या क्षणी ती आतून फाटत होती. पण ते वाक्य सगळ्या जबलपुरच्या मराठी घरांतून फिरलं. टेंभेकरवहिनी म्हणे हसत हसत म्हणाल्या! तीन वर्षं ती त्या वाक्याबद्दल मनातल्या मनात माफी मागत आली होती. बस शहरात शिरली तेव्हा तिने तीही माफी मागे घेतली.

साडेपाचला ती महाराजपुरला घरी पोचली आणि पाहते तो दार उघडं. आत हेमलता. शेजारच्याच, रेल्वेतल्या जोशींच्या हेमलता, पंचवीस वर्षांचा शेजार. श्रीरंगने त्यांच्याकडे जादा किल्ली देऊन ठेवली होती, हे सुहासिनीला तेव्हा कळलं. जेवणाच्या टेबलावर तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या, डॉक्टरांची फाइल, पासबुक आणि कपाटातली जुनी डायरी, सगळं मांडून ठेवलेलं. हेमलताबाईंच्या हातात मोबाइल होता आणि त्यात श्रीरंगचा चेहरा.

"आल्या, आल्या! हे बघ, आली तुझी आई," हेमलताबाई मोबाइलात ओरडल्या आणि हिच्याकडे वळल्या. "काय हो वहिनी, जीव घेता काय आमचा? गोळ्या मोजल्या मी, आजची खाल्ली का नाही म्हणून. डायरीत कोणाचा नंबर भेटते का पाहिलं. पोरगा तिकडे रडून राहिला!"

"डायरी वाचली तुम्ही?"

"वाचली म्हणजे... नंबर पाहिले. आम्ही काय परके आहोत?"

"नाही," सुहासिनी म्हणाली. "परकं कोणी असतं तर बेल वाजवली असती. किल्ली द्या."

हेमलताबाईंना आधी कळलंच नाही. सुहासिनीने हात पुढे धरून ठेवला. बोटं अजून शिंगाड्यांनी काळी होती. शेवटी त्यांनी पदराच्या टोकाची गाठ सोडून किल्ली तिच्या तळहातावर ठेवली, मोबाइल टेबलावर टेकवला, आणि "चलो, भलाई का जमाना नहीं रहा," असं म्हणत चपला घातल्या. पंचवीस वर्षांचा शेजार पायरी उतरून गेला, आणि सुहासिनीला वाईट वाटलं, पण हाक मारावीशी वाटली नाही. त्यांचा मोबाइल मात्र टेबलावरच राहिला. त्यातून श्रीरंग पाहत होता. त्याचे डोळे खरंच सुजले होते. त्याच्या मागे, दाराच्या चौकटीत, अवंतिका उभी होती.

"आई, बस झालं आता," तो म्हणाला. "रविवारचं तिकीट काढतो. तू इकडे ये राहायला. आणि तोवर ते लोकेशन बंद नाही करायचं. एवढं तरी करशील ना माझ्यासाठी?"

"नाही."

"नाही म्हणजे?"

"येत नाही आणि ठेवतही नाही. नाही म्हणजे नाही. त्याच्यात काय समजायचं आहे?"

"आई, बाबांच्या वेळी काय झालं ते विसरली तू? चार तास! आपल्याला माहीतसुद्धा नव्हतं!"

सुहासिनी खुर्चीवर बसली. हे कधीतरी बोलावं लागणार हे तिला माहीत होतं, पण बोलताना आवाज कापेल असं वाटलं होतं. तो कापला नाही. "विसरली नाही. तेव्हापासून पोहे नाही केले मी घरात. पण ऐक, श्रीरंग. तुझे बाबा त्या दिवशी घरून निघाले ते शीळ वाजवत निघाले. कोणत्या रस्त्याने चालले ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. चार तास आपल्याला कळलं नाही, खरं आहे. पण त्याच्या आधी चाळीस वर्षं तो माणूस रोज सकाळी आपल्या मर्जीने हिंडला. तू काय करून राहिला? मी मेले तर दोन तास आधी कळावं म्हणून मला जिवंतपणी चोवीस तास पहाऱ्यात ठेवून राहिला. मी पडेन कधीतरी. तुला उशिरा कळेल. कळू दे उशिरा!"

"असं नको ना बोलू," श्रीरंग म्हणाला. आता तो आठ वर्षांचा दिसत होता. फोनमध्ये हात घालून त्याच्या कपाळावर ठेवावासा वाटला, ठेवता येत असता तर तिने सगळं कबूल केलं असतं, तिकीट, लोकेशन, पुणे. "रोज सकाळी आठला मी तुला फोन करीन," ती म्हणाली. "माझ्याकडून, मला वाटतं म्हणून. बरी आहे का ते विचार, जेवली का विचार, शंभरदा विचार. कुठे होती ते नाही विचारायचं. सांगावंसं वाटलं तर मीच सांगेन. आज बरगीला गेली होती, काही काम नव्हतं, पाण्याकडे पाहत शिंगाडे खाल्ले, गोड होते. पाहा, सांगितलं की नाही? आता अवंतिकाशी बोलायचं आहे मला."

तो काही म्हणायच्या आत अवंतिका चौकटीतून पुढे आली. चेहऱ्यावर नेहमीचं ते 'हो आई', 'बरं आई'. सुहासिनीने तिच्याकडे पाहिलं आणि मुलाच्या देखत, मुद्दाम त्याच्या देखत म्हणाली, "तळ्याचं मी विचारलं होतं ना गं, फेब्रुवारीत. मला विचारायचा काही हक्क नव्हता. माझी चूक होती ती. आणि मी रोज पाहत होती तुला नकाशावर, हेही सांगून टाकते. आजपासून नाही पाहणार." श्रीरंग एकदा बायकोकडे, एकदा आईकडे पाहत राहिला. मग त्याने फोन ठेवला, की तो तुटला, ते कळलं नाही.

सुहासिनीने आपला मोबाइल पिशवीतून काढला. 'टेंभेकर परिवार'मधून बाहेर कसं पडायचं हे तिला कोणी शिकवलं नव्हतं, आत यायचंच तेवढं शिकवलं होतं. तिने चष्मा लावला आणि एकेक बटण दाबत गेली. तीनदा भलतंच काहीतरी उघडलं. शेवटी सापडलं. तुम्हाला खरोखर बाहेर पडायचं आहे का, मोबाइलने विचारलं. साठी उलटलेल्या बाईला इतक्या अदबीने हे आजवर कोणी विचारलं नव्हतं. तिने हो दाबलं. नकाशा गेला, आणि चौघांचे गोलही गेले. घर एकदम फार मोठं वाटलं. आता दुपारच्या जेवणानंतर ती काय पाहणार होती? भीती वाटली तिला, नाही असं नाही. रात्री पाय घसरला तर? सकाळी आठचा फोन गेला नाही तर? ती त्या भीतीशेजारी काही वेळ बसून राहिली. मग उठून हेमलताबाईंचा मोबाइल त्यांच्या ओट्यावर ठेवून आली, कुकर गॅसवर चढवला, गोळ्या आणि डायरी जागच्या जागी ठेवल्या. हेमलताबाईंशी उद्या बोलायचं, पण किल्ली परत द्यायची नाही, हे तिने ठरवलं.

चौथ्या दिवशी, सकाळचा आठचा फोन होऊन गेल्यावर, श्रीरंगची तुटक का होईना दोन वाक्यं बोलून झाल्यावर, दुपारी अवंतिकाचा फोन आला. आपणहून असा तिने कधी केला नव्हता.

"आई, कामात आहात का?"

"नाही गं. बोल ना."

"असंच केला. मी पण बाहेर पडले त्यातून. परवा. घरात खूप बोलणं झालं. अजून चालू आहे."

"हं."

"आत्ता मी ऑफिसात नाहीये. घरीही नाहीये."

सुहासिनीच्या ओठांवर प्रश्न आला. वर्षानुवर्षांच्या सवयीने आला, सासूच्या जिभेवर तो तयारच असतो. पुढे मागे काही झालं, मुलाचं घर विस्कटलं, तर लोक हिलाच विचारणार होते, की सून तुमच्याशी बोलत होती, मग तुम्ही विचारलं काहून नाही? सगळं तिला दिसत होतं. "बरं," ती म्हणाली.

"विचारणार नाही?"

"नाही."

पलीकडून अवंतिकाचा श्वास ऐकू आला, हसल्यासारखा किंवा रडल्यासारखा. "हे तुम्हाला विचारतील, आई. रात्री फोन करतील."

"करू दे. मला ठाऊक नाही म्हणेन."

"राहू का अशीच फोनवर? बोलायचं काही नाहीये."

"राहा की."

अवंतिकाच्या मागून कसला तरी आवाज येत होता, अधूनमधून, हळू. तळ्यावरचे पक्षी असतील, की एखादं स्टेशन, की नुसताच वारा? जरा लक्ष देऊन ऐकलं असतं तर सुहासिनीने तो ओळखला असता, उजवा कान तिचा अजून तिखट होता. डावा फॅक्टरीच्या धमाक्यांनी केव्हाच मंदावला होता, त्याला माणसाचं बोलणं जेमतेम कळे, पलीकडचं काही कळत नसे. तिने फोन उजव्या कानावरून काढला आणि डाव्या कानाला लावला.